शिवून बंद केलेली पिशवी, एक नग

आमच्या लालबागच्या शाखेत त्यांना कुणी ‘मॅडम’ म्हणून हाक मारली, की त्या वळून आपल्या मागे कोण उभं आहे ते पाहायच्या. मग सावकाश पुढे बघून म्हणायच्या, “मला म्हणालात होय? मी बाई. मॅडम तिकडे कर्जाच्या टेबलावर बसतात.” त्यामुळे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणत. तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची चौदा लॉकरच्या टेबलावर. बढती आली की बदली येते म्हणून त्यांनी बढतीच घेतली नाही.

सुती साडी, पायात कॅन्व्हासचे पांढरे बूट आणि खांद्याला खाकी पिशवी. राहायच्या गिरगावात, खोताच्या वाडीतल्या एका लाकडी घराच्या वरच्या खोलीत, एकट्या. तिथून लालबागला रोज चालत यायच्या. मी एकदा म्हटलं, “बाई, बस आहे की सरळ.” तर म्हणाल्या, “बसमधून बोर्ड नीट वाचता येत नाहीत.”

बोर्ड म्हणजे श्रद्धांजलीचे. आपल्याकडे माणूस गेलं की नाक्यावर फ्लेक्स लागतो; मध्ये फोटो, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली शोकाकुल मंडळींची यादी. बाई प्रत्येक बोर्डापुढे थांबायच्या आणि नाव, गाव, तारीख एका चिमुकल्या वहीत उतरवायच्या. शाखेत आल्यावर बूटसुद्धा न काढता आधी ती वही लॉकरच्या रजिस्टरशी ताडून बघायच्या. नाव जुळलं तर त्या नंबरापुढे पेन्सिलीने बारीक फुली. घरचे लोक मृत्यूचा दाखला घेऊन यायचे ते दोन-तीन महिन्यांनी. फुली त्याआधीच पडलेली असायची. आम्ही मागून हसायचो. एकजण तर म्हणायचा, “बाईंच्या वहीत नाव नसेल तर यमसुद्धा परत जातो.”

स्ट्राँगरूममध्ये त्यांची आणखी एक तऱ्हा. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक ग्राहकाची. बाई आपली किल्ली फिरवायच्या, बाहेर यायच्या, दाराकडे पाठ करून उभ्या राहायच्या आणि मोठमोठ्याने पाढे म्हणायला लागायच्या. एकोणतीसचा, सत्तावीसचा, मूड असला तर वडिलांनी शिकवलेली पावकी-निमकी. का, तर आतल्या माणसाला कळावं की ही बाई कुठे आहे आणि बघत नाहीये. पहिल्या दिवशी मला वाटलं, यांचं डोकं फिरलंय.

खोताच्या वाडीत शेजारची वयस्क आँटी गावाला जाताना घराची किल्ली यांच्याकडे ठेवायची. बाईंनी त्यासाठी एक वही केली होती. किल्ली दिली, सही. किल्ली घेतली, सही. मी बाईंकडे गेले की आँटी वैतागून मला सांगायची, “बीस साल का पडोस, और साइन करो बोलती!” आमच्या मॅनेजरसाहेबांनाही एकदा शांतपणे फोनवर बोलायला स्ट्राँगरूममध्ये जायचं होतं. बाईंनी रजिस्टर पुढे सरकवलं. साहेब हसत म्हणाले, “अहो, मी शाखेचा मॅनेजर.” बाई म्हणाल्या, “हो ना. ‘कोण’ या रकान्यात तेच लिहा.”

हे सगळं आज हसत सांगते आहे. पण त्यांच्या निवृत्तीला तीन महिने राहिले असताना जे झालं, त्या दिवसांत शाखेत कुणी हसत नव्हतं.

शिवडीच्या कोळीवाड्यातल्या एक मावशी आमच्या जुन्या ग्राहक. लालबागच्या बाजारात मासे विकायच्या. दोन-तीन महिन्यांतून एकदा दुपारी बाजार आटोपून लॉकरला यायच्या. हात घासून धुतलेले, केसांत अबोलीचा गजरा, आणि आल्या की बाईंना म्हणायच्या, “काय गो बाय, बरी हायस ना?” त्यांना लिहिता येत नव्हतं, अंगठा उठवायच्या. काम झालं की बाहेरच्या बाकावर बाईंशेजारी पाच-दहा मिनिटं बसायच्या. त्या बोलायच्या, बाई ऐकायच्या. काय ते आम्हाला कधी कळलं नाही.

एका सोमवारी सकाळी दार उघडल्या उघडल्या मावशींचा मुलगा आला. रमाकांत. चाळिशीचा, दणकट, बंदरावरून बर्फाचा टेंपो चालवायचा. हातात मावशींची किल्ली आणि एक टाईप केलेलं पत्र, खाली अंगठा. ‘मी आजारी असल्याने माझ्या मुलास लॉकर उघडू द्यावे.’

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. मग विचारलं, “आई कशी आहे?”

“आजारी आहे. लिहिलंय ना.”

“उठून बसते का?”

“नाय. म्हणून तर मी आलो.”

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मी बाजूच्या खुर्चीवर होते.   रमाकांतने किल्ली या हातातून त्या हातात घेतली. कपाळाला घाम आला होता त्याच्या, आणि एसी तर चालू होता.  मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, “मावशींना बरं वाटलं की घेऊन या. मी थांबेन.”

त्याचा चेहरा उतरला. पत्र ओढून घेऊन तो निघून गेला. मी रजिस्टर उघडून बघितलं. मावशींच्या नंबरापुढे पेन्सिलीची फुली होती. शनिवारी त्यांचा बोर्ड शिवडी नाक्यावर लागला होता. बाई त्या दिवशी वाट वाकडी करून तिकडूनही आल्या होत्या.

“बाई, तोंडावर सांगायचं होतं ना त्याला, की खोटं बोलतोयस म्हणून.”

“आई जाऊन तीन दिवस झालेत त्याची. आणखी काय सांगू?”

लॉकरवर नॉमिनी म्हणून मावशींनी मुलीचं नाव लावलं होतं. सुरेखा. परळच्या एका दवाखान्यात आया म्हणून काम करायची. दाखला आला, अर्ज झाला, आणि ठरल्या दिवशी ती आली, मागोमाग रमाकांतही. नियमाने त्याला आत यायचं कारण नव्हतं. सुरेखानेच लिहून दिलं, ‘दादालाही येऊ द्या.’ दोन साक्षीदार, मॅनेजरसाहेब, बाई आणि यादी लिहायला मी. इतकी माणसं स्ट्राँगरूममध्ये मावत नाहीत, म्हणून डबा बाहेर काढून टेबलावर ठेवला. त्या दिवशी पाढे नव्हते.

डबा उघडला. बाई एकेक वस्तू उचलून मोठ्याने सांगत होत्या, मी लिहीत होते. मोत्यांची नथ, एक. कानातल्या कुड्या, एक जोडी. चांदीचा करंडा, एक. खोलीचे कागद, प्लास्टिकच्या पिशवीत. आणि सगळ्यात तळाशी जाड मांजरपाटाची पिशवी, वीतभर लांब, चारी बाजूंनी मशीनवर शिवून टाकलेली.

डबा रिकामा झाला. रमाकांत वाकून आत बघत राहिला. मग म्हणाला, “बाकीचं कुठंय?”



“आईच्या पाटल्या, तोडे, पुतळ्यांची माळ? माझ्या लग्नात तिनं सगळं अंगावर घातलेलं. आख्ख्या कोळीवाड्यानं बघितलंय. कुठंय?” त्याने सुरेखाकडे पाहिलं. तिने मान हलवली, नाही म्हणून. “मग त्या पिशवीत असेल. उघडा ती.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “बंद वस्तू बँक उघडत नाही. आहे तशी लिहायची आणि नॉमिनीच्या हातात द्यायची. लिही गं, शिवून बंद केलेली पिशवी, एक नग.”

मी पेन टेकवलं आणि रमाकांतने पिशवीवर झडप घातली. बाईंचा तळहात त्याच्या आधी पिशवीवर पडला. दोघांचे हात एकावर एक. टेबलावर माझी कात्री होती. त्याने दुसऱ्या हाताने ती उचलली. साक्षीदारांपैकी एकजण खुर्ची सरकवून मागे झाला.

“दादा!” सुरेखा ओरडली.

“हात काढा,” तो म्हणाला.

बाईंनी हात काढला नाही. आवाजही चढवला नाही. “कात्री खाली ठेव, बाळा. आईची वस्तू आहे. बहिणीच्या हातात देते, मग घरी जाऊन दोघं काय ते ठरवा. इथे नको.”

मॅनेजरसाहेब घाबरले होते. “अहो बाई, उघडून टाका ना. घरचीच माणसं आहेत.”

“तसं लेखी द्या, साहेब.”

साहेबांनी पेन खिशाला लावलं. रमाकांतने कात्री टेबलावर आपटली. बाईंनी पिशवी उचलून सुरेखाच्या ओंजळीत ठेवली. ठेवताना आतून कागद चुरचुरल्याचा आवाज आला. मला ऐकू आला म्हणजे त्यालाही आला असणार. सोनं असं वाजत नाही.

“म्हणजे गेलं,” तो म्हणाला. “बँकेतच गेलं. चाव्या कुणाकडं असतात? ह्या बाईकडं. म्हणून त्या दिवशी मला आत जाऊ दिलं नाही हिनं.”

बाहेर जाऊन त्याने शाखेच्या पाटीखाली उभं राहून मोबाईलवर व्हिडिओ केला. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करतो तर बाहेर वीस-पंचवीस माणसं. प्रत्येकाला आपापला लॉकर बघायचा होता. कोळीवाड्यातल्या बायका, बाजारातले दुकानदार, एक रिटायर्ड मास्तर. जी माणसं बाईंना वर्षानुवर्षं तिळगूळ देत आली होती, ती त्यांच्या नजरेला नजर देत नव्हती. बाईंनी प्रत्येकाची सही घेतली, ताडून पाहिली, किल्ली फिरवली, आणि दाराकडे पाठ करून पाढे म्हटले. संध्याकाळपर्यंत त्यांचा घसा बसला. कुणाचंही काहीही गेलेलं नव्हतं. पण त्याबद्दल कुणी व्हिडिओ केला नाही.

हेड ऑफिसने चौकशी लावली. चौकशी पूर्ण होईपर्यंत बाईंकडून किल्ल्या काढून घेतल्या आणि त्यांना पासबुक छापायच्या मशीनवर बसवलं. किल्ल्या माझ्याकडे आल्या. त्या देताना बाईंनी माझी सही घेतली.

चौकशी अधिकारी सभ्य होते, पण खोदून विचारायचे. बाईंना त्यांनी विचारलं, “मयत ग्राहक लॉकरमधून काय नेत होत्या, तुम्हाला माहीत होतं का?”

“ग्राहक काय नेतो ते विचारायची मला परवानगी नाही.”

“त्यांनी आपणहून काही सांगितलं?”

“लॉकरच्या रजिस्टरमध्ये तसा रकाना नाही, साहेब.”

अधिकारी वैतागले. मग मला बोलावलं. बाई लॉकरजवळ कधी एकट्या असतात का, त्यांच्याबद्दल तुम्हाला खात्री देता येईल का. मला ठाम सांगायचं होतं, हो, देते. पण समोर कागद होता, खाली माझी सही लागणार होती, आणि माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. डिलाईल रोडच्या चाळीतल्या आमच्या खोलीत माझाच पगार येत होता. मी म्हटलं, “मी इथे दोनच वर्षं आहे, सर. नक्की सांगता येणार नाही.” त्यांनी तसंच लिहिलं. मी सही केली.

त्या दिवशी डबा खायला मी बाईंच्या टेबलाकडे गेले नाही. त्याच आल्या. म्हणाल्या, “जे विचारलं त्याचं उत्तर दिलंस ना? मग तोंड कशाला पाडतेस? ही घे, कैरीची चटणी आहे.” 

महिना गेला. बाईंची निवृत्ती जवळ येत होती आणि चौकशी उघडी राहिली तर पुढचे सगळे पैसे अडकणार होते. साहेब खासगीत सांगायचे, बाई, काही माहीत असेल तर बोला. बाई पासबुक छापत राहायच्या. एका दुपारी सुरेखा आली. जिन्याखालच्या बाकावर बाई आणि मी बसलो होतो. ती उभ्या उभ्याच म्हणाली, “बाई, पिशवी मी उघडली. आत काय होतं ते सांगते.”

“नको सांगूस.”

“पण त्यानं तुम्ही सुटाल! मी ऑफिसात येऊन दाखवते कागद. तुमची नोकरी जाईल हो माझ्यापायी.”

“नोकरी तर अशीही महिना-दीड महिन्याने जाणारच आहे.”

सुरेखाला रडू फुटलं. “आई शेवटी मला इतकंच बोलली, पिशवी दादाला दाखवू नको. तेव्हा मला कळलं नाही. आता उघडल्यावर कळतंय. मी काय करू, सांगा.”

बाईंनी तिला हाताला धरून शेजारी बसवलं.  मग म्हणाल्या, “आईने सांगितलं तेव्हा तिला वाटलं असेल, पोरगा मोडेल. तो आता कसा आहे ते तू रोज बघतेस. ती बघत नाही. दाखवायचं की नाही ते त्याच्याकडे बघून ठरव. माझ्याकडे बघून काही करू नकोस. ते मला चालणार नाही.”

ती गेली. मी म्हटलं, “बाई, ती दाखवत होती कागद. का अडवलंत?” बाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि कामाला गेल्या.

शेवटच्या सुनावणीच्या दिवशी मी नोंदी लिहायला बसले होते. अकरा वाजता रमाकांत आला, मागे सुरेखा. मी त्याला ओळखलंच नाही पटकन. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्याने मांजरपाटाची पिशवी टेबलावर ठेवली. एका बाजूची शिवण उसवलेली होती.

बाई लगेच उठल्या. “साहेब, मी बाहेर थांबते.”

अधिकाऱ्यांना कळेना. “का? हा तर तुमच्या बाजूचा पुरावा दिसतोय.”

“मी दिली तेव्हा ती बंद होती. तिच्यातलं मला बघायचं नाही.” आणि त्या खरंच बाहेर गेल्या. दार लावून घेतलं.

पिशवीत सोनाराच्या पावत्या होत्या. एक पाटली, मग दुसरी पाटली, मग तोडे, पुतळ्यांची माळ, दोन-तीन महिन्यांच्या अंतराने, पाच वर्षं. प्रत्येक पावतीला टाचणीने इस्पितळाचा एकेक कागद जोडलेला. सगळ्या कागदांवर कुणा एकाच अनोळखी बाईचं नाव.

“मी उडवलं होतं तिला,” रमाकांत म्हणाला. “शिवडीला, पहाटे, बर्फ भरून येत होतो. पायावरून चाक गेलं. मीच उचलून इस्पितळात टाकलं. मग परत गेलो नाही. भ्यायलो. तिनं तक्रार नाही केली. आई म्हणाली, मी जाऊन आले, बरी झाली ती, तू तुझी गाडी चालव. मी चालवली.” तो थांबला. “शिवणकाम करायची ती. चार ऑपरेशनं झाली, साहेब. मला आईनं एक शब्द नाही सांगितला.”

मी लिहायची थांबले होते. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. रमाकांत म्हणाला, “माझी तक्रार मागं घेतो. तो व्हिडिओ काढून टाकलाय, माफी मागणारा दुसरा टाकलाय. तुम्हाला काय लिहायचं ते लिहा माझ्याबद्दल.” अधिकाऱ्यांनी फक्त एवढंच लिहिलं, ‘तक्रारदाराने गैरसमज दूर झाल्याने तक्रार मागे घेतली.’ कागद परत पिशवीत घातले आणि पिशवी सुरेखाच्या हातात दिली.

बाहेर बाई नव्हत्या. मशीनवर जाऊन बसल्या होत्या. रमाकांत त्यांच्यासमोर जाऊन हात जोडून उभा राहिला.  बाईंनी विचारलं, “पासबुक आणलंय का?” तो नाही म्हणाला. “मग मागच्या माणसाला येऊ द्या पुढे.” पण तो वळला तेव्हा हळूच म्हणाल्या, “जेवत जा वेळेवर.”

इस्पितळाच्या कागदावरचा पत्ता डिलाईल रोडचा होता, आमच्या चाळीच्या पलीकडच्या गल्लीतला. सुरेखा मला म्हणाली, ताई, तुम्ही येता का, आम्हाला सापडणार नाही. सापडलं असतं, एकटं जायचं धैर्य नव्हतं. संध्याकाळी आम्ही तिघं गेलो. दुसऱ्या मजल्यावर गॅलरीच्या टोकाला खोली. आतून शिवणयंत्राचा आवाज येत होता. कडी वाजवल्यावर तो थांबला, मग बराच वेळ काही नाही, मग काठीचा टकटक आवाज जवळ येत गेला. रमाकांतने गॅलरीचा कठडा घट्ट धरला होता.

दार उघडलं. साठीच्या आसपासची, सडपातळ बाई. तिने रमाकांतला ओळखलं नाही. सुरेखाकडे मात्र निरखून बघितलं आणि तिचा चेहरा उजळला.

“तू मावशींची लेक ना गं? अगदी तोंडावळा आहे. या, या आत. मावशी नाही आल्या? किती महिने झाले, मला काळजीच लागून राहिली होती.”

तिला कुणी कळवलंच नव्हतं. कोण कळवणार? सुरेखाने तोंडाला पदर लावला. रमाकांत उंबऱ्यापाशी खाली बसला, तिच्या पावलांकडे न बघता बसला, आणि म्हणाला, “मावशी गेल्या. मी त्यांचा मुलगा. टेंपो माझा होता.”

मी तिथून निघाले. पुढचं त्यांचं त्यांना बोलू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना किल्ल्या परत मिळाल्या. सही करून. सगळे पांगल्यावर मी त्यांच्याजवळ गेले. रात्रभर मला झोप लागली नव्हती. म्हटलं, “बाई, काल मी त्यांच्याबरोबर गेले होते. पिशवीत काय होतं ते मला—”

“मला सांगू नकोस,” त्या म्हणाल्या.

 त्यांनी वही काढली, रजिस्टर उघडलं, बोट ठेवून नावं ताडली. मावशींच्या नंबरापुढची फुली खोडरबराने पुसली आणि तिथे शाईने ‘लॉकर परत’ असं लिहिलं. कागदावर फुंकर मारली. मग मान वर न करता विचारलं,

“काठी सुटली का गं तिची?”

काठीबद्दल मी एक अक्षरही बोलले नव्हते. अहवालात तिचा उल्लेख नव्हता. मावशी बाईंशेजारी बसायच्या तो बाहेरचा बाक मला आठवला, आणि मी म्हटलं, “नाही, बाई. पण मशीन चालवते.”

“चालवते?” बाईंनी चष्मा काढला आणि डोळे मिटले. “मावशींना आवडलं असतं,” त्या म्हणाल्या.